शब्दच सुचत नाहीत तेव्हा : विलापस्तोत्रं घरी कशी म्हणायची?

मोहरीचा दाणा

कुणाच्या घरी मयत झाली किंवा मोठं आजारपण निघालं की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर पाच मिनिटांत स्तोत्र २३ ची चित्रं पडायला लागतात. मागे सूर्यास्त, पुढे मेंढरं. स्तोत्र चांगलंच आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश म्हणजे चक्क गाऱ्हाणी आहेत. देवापुढे मांडलेली, देवाविरुद्धसुद्धा. त्यांना विलापस्तोत्रं म्हणतात. ती लिहिली गेली अडचणीच्या काळासाठी, आणि नेमक्या त्याच काळात आपण ती पानं उलटून पुढे जातो. म्हणून हा धागा.

सुरुवात १३ पासून करा. सहाच वचनं आहेत. १ आणि २ मध्ये तक्रार आहे. मूळ हिब्रूत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, दोनच वचनांत चार वेळा. ३ आणि ४ मध्ये मागणी : माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड दे. ५ आणि ६ मध्ये ‘पण’ येतो आणि भरवसा. म्हणजे दोन-दोन-दोन. बहुतेक विलापस्तोत्रांचा सांगाडा हाच : हाक, गाऱ्हाणं, मागणी, भरवसा, स्तुती. क्रम थोडाफार बदलतो, पण गाऱ्हाणं आधी आणि स्तुती नंतर हे सहसा बदलत नाही. आपल्या प्रार्थनासभेत नेमकं उलटं चालतं. आधी दहा मिनिटं उपकारस्तुती आणि मग दबक्या आवाजात, ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ ज्याचं माणूस गेलंय त्याला गाऱ्हाण्याची पाळीच येत नाही.

घरी म्हणायची रीत :

स्तोत्र एकदा सलग मोठ्याने वाचा, सावकाश. १३ ला मिनिटभरही लागत नाही. मग दुसऱ्यांदा वाचताना वचन २ च्या शेवटी थांबा आणि आपली तक्रार एका वाक्यात, नाव घेऊन सांगा. ‘संकटातून सोडव’ असं मोघम नको. ‘तीन महिने पगार नाही, भाडं थकलंय’ असं. वचन ४ नंतर पुन्हा थांबा आणि एकच मागणी करा. एकच. ५ आणि ६ मात्र जशी छापली आहेत तशीच वाचा, त्यांत स्वतःची भर घालू नका. मन तिथे पोहोचलेलं नसलं तरी वाचा. तो भरवसा त्या क्षणी तुमचा नसेल, स्तोत्रकर्त्याचा आहे, आणि तो उसना घ्यायला परवानगी आहे. शेवटी दोन मिनिटं गप्प बसा आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

चुकतं ते बहुतेक वचन २ नंतरच्या थांब्यावर. माणसं तिथे तक्रारीऐवजी माफी मागायला लागतात. पापांगीकाराची स्तोत्रं वेगळी आहेत (३२ आणि ५१ आहेतच की). १३ मध्ये पापाचा उल्लेखसुद्धा नाही.

भाबडा प्रश्न

म्हणजे २३ वाचायचंच नाही का? आजीआजोबांना तेच पाठ असतं. ते म्हटलं की त्यांना बरं वाटतं.

मोहरीचा दाणा

वाचायचं ना! फक्त त्यात काय घडतं ते बघून वाचा. १ ते ३ मध्ये देवाविषयी बोलणं आहे : तो निजवतो, तो नेतो. चौथ्या वचनात मृत्यूच्या छायेची दरी येते आणि तिथे सर्वनाम बदलतं, ‘तू माझ्याबरोबर आहेस’. हिरव्या कुरणात देव ‘तो’ असतो, दरीत ‘तू’ होतो. आजीला म्हणायला सांगाल तेव्हा चौथ्या वचनाशी अर्धा श्वास जास्त थांबा, बाकी समजावून सांगायची गरज पडत नाही.

वसईकर

धागा आवडला. कॅथलिक बाजूने थोडं.

आधी क्रमांकांचा घोळ, कारण त्यावर बरीच जणं अडतात. जुन्या लॅटिन परंपरेच्या पुस्तकांत ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र धरतात, त्यामुळे पुढचे बहुतेक आकडे एकाने मागे पडतात. आजोबांच्या प्रार्थनापुस्तकात मृतांसाठीचं ‘दे प्रोफुंदिस’ स्तोत्र १२९ असेल तर मराठी बायबलात ते १३० आहे. ५० म्हणजे ५१, २२ म्हणजे २३. १४८ पासून दोन्ही पुन्हा जुळतात. दोन पुस्तकं घेऊन दोघं एकत्र म्हणत असाल तर आकडा सांगू नका, पहिली ओळ सांगा.

दुसरं, झोपेचं. दुःखात सगळ्यात आधी झोप जाते. रात्रीच्या प्रार्थनेसाठी संत बेनेडिक्टच्या (मठवासीयांसाठीच्या) नियमात तीन स्तोत्रं ठरलेली आहेत, ४, ९१ आणि १३४, रोज तीच. रोज तीच असण्यात फायदा असा की पंधरा दिवसांत पाठ होतात आणि दिवा लावावा लागत नाही. सध्याच्या रोमन पद्धतीत रात्रीच्या प्रार्थनेला बुधवारी ३१ ची पहिली सहा वचनं आणि १३० असतं, आणि शुक्रवारी स्तोत्र ८८. यातलं ३१ चं सहज लक्षात येत नाही : ‘तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो’ हे प्रभूने वधस्तंभावर म्हटलेलं वाक्य (लूक २३:४६) तिथलं आहे, पाचवं वचन. झोपताना म्हणायची ओळ आणि मरताना म्हणायची ओळ एकच.

तिसरं, ज्यांना वाचवत नाही त्यांच्यासाठी. डोळे सुजलेत, चष्मा सापडत नाही, वाक्यं डोक्यात शिरत नाहीत. अशा वेळी रोजरी (जपमाळ) सोपी, कारण हाताला मणी लागतो. पण पूर्ण पाच दशकांचा हट्ट नको. त्याला वीस मिनिटं तरी जातात आणि अर्ध्यात सोडल्याची रुखरुख वेगळी. एकच दशक करा : एक ‘आमच्या स्वर्गातील पित्या’, दहा ‘नमो मरिया’, एक त्रैक्याची स्तुती. चार मिनिटं. दुःखाची रहस्यं (ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग) मंगळवारी आणि शुक्रवारी म्हणतात, पण घरात दुःख असेल तर वार बघत बसू नका. पाचांपैकी पहिलं, गेथशेमानेची वेदना, त्यावर आठवडाभर राहिलात तरी चालतं.

पंचनामा

मी जरा विरोधी सूर लावतो. अरण्यात इस्राएल लोक कुरकुरले तेव्हा देव कोपला असं गणनाच्या पुस्तकात स्पष्ट आहे. मग गाऱ्हाणं करा म्हणून शिकवणं बरोबर आहे का? आमच्याकडे पाळक सांगतात, तोंडातून नकारात्मक शब्द काढू नका.

मोहरीचा दाणा

रास्त प्रश्न. कुरकुर आणि विलाप यांत फरक तोंड कुणाकडे आहे त्याचा. अरण्यातली माणसं आपापल्या तंबूत बसून एकमेकांशी बोलत होती, मोशेविरुद्ध बोलत होती, मिसरात परत जायचा बेत करत होती. विलाप करणारा देवाशीच बोलतो आणि जागा सोडत नाही. स्तोत्रं ४२ आणि ४३ बघा (ही दोन मुळात एकच गीत असावीत, धृपद सारखंच आहे). ‘तुझा देव कुठे आहे’ असं लोक विचारतात, तो ‘तू मला का विसरलास’ असं खुद्द देवालाच विचारतो.

आणि ‘नकारात्मक बोलू नका’ हा नियम लावायचा म्हटला तर वधस्तंभावरचं २२ वं स्तोत्रच कापावं लागेल. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ ही त्याची पहिली ओळ. मत्तय आणि मार्क दोघांनी ती मूळ बोलीतल्या शब्दांसकट नोंदवली आहे.

पंचनामा

पटलं. पण ८८ चं काय? त्यात शेवटी भरवसा येतच नाही.

वसईकर

नाहीच येत. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे. १८ वचनं, कुठेही ‘पण’ नाही. म्हणूनच ते शुक्रवारी रात्री ठेवलंय असं धरून चाला.

८८ वाचताना एकच पथ्य : शेवटी घाईने दुसरं काही जोडू नका. ‘चला, आता १०३ (स्तुतीचं स्तोत्र) वाचून संपवू’ हा मोह होतो, विशेषतः सभा चालवणाऱ्याला, कारण खोलीत शांतता पसरते आणि ती त्यालाच सोसत नाही. ‘आमेन’ म्हणा आणि दिवा मालवा. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. पहिल्या वचनात तो ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशीच हाक मारतो. अख्ख्या स्तोत्रात आशेचा शब्द तेवढा एक, तोही सुरुवातीला.

अगदी ताज्या शोकात, पहिल्या दोन-तीन दिवसांत, ८८ सगळ्यांसमोर वाचू नये असं मला वाटतं. ते एकट्याने वाचायचं आहे.

पेटीवाला नगर

गाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

शोकाच्या घरी गीत घेताना पट्टी नेहमीपेक्षा एक-दोन सूर खाली घ्या. रडून बसलेला घसा वरच्या सुरांत फाटतो, मग घरचे लोक गप्प होतात आणि गाणं पाहुण्यांचं होऊन बसतं. ढोलकी नको, झांजा तर नकोच. पेटीवर भाता हलका आणि सूर धरून ठेवायचे, मुरक्या नाहीत. कडवी तीनच. सहा कडव्यांचं गीत असेल तर पहिलं, एक मधलं आणि शेवटचं, पण कुठली ते आधी ठरवून सगळ्यांना सांगा, नाहीतर अर्धे लोक दुसऱ्या कडव्यात जातात.

चालीबद्दल. इंग्रजी चालीवर बसवलेल्या गीतांत ओळ संपली की श्वासाला जागा कमी असते, पेटी पुढे निघून जाते. अभंग-ओवीच्या चालीत ओळ संपली की थांबता येतं, कुणी हुंदका दिला तर सगळ्यांना थांबता येतं. आपल्याकडे हे भांडार मोठं आहे. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १८९५ मधल्या बाप्तिस्म्यापासून १९१९ मध्ये जाईपर्यंत शेकडो गीतं केली, त्यांतली कितीतरी याच वळणाची. त्याही आधी गोव्यात साष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये ओवीत छापलं गेलं. जात्यावर बसून दुःख सांगायचा छंद तोच, फक्त कथा ख्रिस्ताची.

चाल बसत नसलेलं स्तोत्रही म्हणता येतं. एकच सूर धरा, ओळीच्या शेवटच्या तीन-चार अक्षरांना दोन सूर खाली उतरा. एकाने अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली. हिब्रू कवितेत ओळ दोन भागांची असते आणि दुसरा भाग पहिल्याचाच अर्थ फिरवून सांगतो, त्यामुळे हे आपसूक जमतं.

सांजवात

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांसाठी कुणी लिहील का? हॉस्पिटलात काय वाचावं, किती वेळ?

घंटा

लिहितो. पाळकीय भेटींचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना हेच सांगितलं जातं.

वेळ : जनरल वॉर्डात दहा मिनिटं, आयसीयूत दोन-तीन. प्रार्थना एक मिनिटाच्या वर नाही. आजारी माणूस डोळे मिटून तुमची प्रार्थना ऐकतो तेव्हा तो आदबीने थकत असतो, हे बाहेरून दिसत नाही. उभं राहून नाही, बसून, डोळ्यांच्या पातळीवर. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाणार नाही एवढा. आयसीयूत तेल, मेणबत्ती, अगरबत्ती काही नको. ऑक्सिजन चालू असतो.

वाचायला : ४१ ची पहिली तीन वचनं (तिसऱ्यात आजारपणाच्या बिछान्याचा उल्लेख थेट आहे), १२१ अख्खं, आठच वचनं आहेत. झोप नसलेल्याला १०२, त्यात छपरावरच्या एकट्या पाखराची ओळ येते. म्हाताऱ्या माणसाला ७१. मित्राने, भावाने फसवलेल्याला ५५, कारण त्यात शत्रूने नव्हे, जवळच्याने घात केल्याचं दुःख आहे. निवड करायच्या आधी विचारा, ‘काही वाचू का?’ नको म्हणाले तर नको.

आता न बोलायच्या गोष्टी. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसले (२:१३). तोवर सगळं बरोबर होतं. चौथ्या अध्यायात ते बोलायला लागले आणि शेवटी ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर संतापला. ते काय बोलले? तेच, जे आपण भेटीला जाऊन बोलतो : काहीतरी कारण असणार, पाप असणार, यातून चांगलंच होणार.

रोमकरांस पत्र ८:२८, ‘सर्व गोष्टी कल्याणासाठी’, हे वचन खरं आहे, पण पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच्या तोंडावर मारायचं नाही. ज्याचं दुःख आहे त्यानेच ते स्वतः म्हणावं, त्याला म्हणावंसं वाटेल तेव्हा. गंमत अशी की दोनच वचनं आधी, ८:२६ मध्ये, प्रार्थना काय करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या उसाशांनी मध्यस्थी करतो, असं लिहिलंय. २६ ओलांडून थेट २८ वर उडी मारतात सगळे.

यिर्मया २९:११ चंही तसंच. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे’ हे कॅलेंडरवर असतं, त्याच्या आधीचं दहावं वचन नसतं. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, त्यात घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय. ‘पुढच्या महिन्यात नोकरी लागेल’ असा त्याचा अर्थ नाही.

आणि ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत नाही. ‘प्रार्थना केली, आता गोळ्या बंद करा’ असं कुणी सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. याकोब ५:१४ मध्ये वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा असं आहे. वैद्याला हाकला असं नाही.

वसईकर

तेलावरून एक गैरसमज दूर करतो. आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार हा फक्त मरणाऱ्यासाठी आहे असं समजून लोक फादरना बोलवायला टाळतात, कारण ते आले की आजारी माणूस घाबरेल अशी भीती. १९७२ पासूनच्या विधीत तो गंभीर आजारी, मोठी शस्त्रक्रिया व्हायची आहे असा, किंवा वयाने खचलेला, अशा सगळ्यांसाठी आहे. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. बरं होऊन पुन्हा आजार आला किंवा त्याच आजारात तब्येत आणखी ढासळली तर पुन्हा देता येतो. माणूस शुद्धीत असताना, उत्तर देऊ शकत असताना बोलवा. शेवटच्या तासाला फादर सापडत नाहीत, हे एक. आणि त्याला स्वतःला ‘आमेन’ म्हणता यावं, हे दुसरं.

तीस तारखा

स्तोत्रांची महिन्याची पद्धत कुणी सांगितली नाही. आजची तारीख घ्या, तिच्यात ३०-३० मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. महिन्यात १५० पूर्ण. फायदा हा की निवड आपल्या मूडवर राहत नाही. दुःखी माणसाला आनंदाचं स्तोत्र भेटतं आणि आनंदी माणसाला शेजाऱ्याचं दुःख.

अडचणी दोन. २९ तारखेला २९, ५९, ८९, ११९, १४९ येतात. ११९ ला १७६ वचनं आहेत, आठ-आठची बावीस कडवी, हिब्रू बाराखडीप्रमाणे. ते ३१ तारखेसाठी बाजूला ठेवा किंवा रोज एक कडवं करा. दुसरी, १२ तारखेला ४२ आणि १३ ला ४३ असं एकच गीत दोन दिवसांत तुटतं. १२ लाच दोन्ही वाचा.

२८ तारीख मला सगळ्यात आवडते : २८, ५८, ८८, ११८, १४८. अंधारात संपणाऱ्या स्तोत्रानंतर थेट उपकारस्तुतीचं ११८. (वसईकरांचा ‘काही जोडू नका’ हा नियम इथे मोडतो, माहीत आहे.)

वसईकर

मोडू द्या, तुमचं सकाळचं आहे. माझा नियम रात्रीचा.

पण ५८ तसंच वाचता? त्यात शत्रूंचे दात पाड असं आहे. १९७१ च्या रोमन प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन अख्खी वगळली, १३७ ची शेवटची तीन वचनंही.

तीस तारखा

मी वगळत नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या पोटात जो राग असतो तो कुठेतरी ओतावाच लागतो. १०९ मध्ये तो देवापुढे ओतला जातो, आणि शिक्षा करायचं काम देवाकडे जातं. स्वतः दगड उचलायचा नाही. मात्र हे स्तोत्र नाव घेऊन कुणाविरुद्ध म्हणायचं नाही. तसं केलं की ती प्रार्थना राहत नाही, करणी होते.

घंटा

यावर एकमत होणार नाही, पुढे चला :)

सांजवात

सगळं वाचलं. पण काही महिने उलटल्यावर एक वेगळीच अवस्था येते. रडूही येत नाही, प्रार्थनाही होत नाही. कोरडं. मंडळीत सगळे ‘नवीन बळ’ म्हणत असतात आणि आतून काही हलत नाही. त्याला काय करायचं?

मोहरीचा दाणा

१ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो, ‘आता पुरे’ म्हणतो. देव त्याला काय देतो, क्रमाने बघा : झोप, मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, मग पुन्हा झोप, पुन्हा जेवण. बोध नाही, कानउघाडणी नाही. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल. होरेब डोंगरावरचा मंद, शांत स्वर बाराव्या वचनात येतो, म्हणजे दोन झोपा आणि दोन जेवणांनंतर कितीतरी पुढे. आणि शेवटी काम मिळतं, सोबतीला माणूसही मिळतो. कोरडेपणात पहिला प्रश्न ‘किती प्रार्थना करतोस’ हा नसून ‘किती झोपतोस आणि जेवतोस का’ हा आहे.

यशया ४०:३१ चं गरुड सगळ्या कॅलेंडरांवर असतं. त्या वचनाचा क्रम वाचा : उडतील, धावतील, चालतील. चालणं शेवटी आहे.

वसईकर

संत इग्नेशियसचा एक नियम इथे फार कामाचा. आत्म्याच्या कोरड्या, उजाड काळात आधी घेतलेला कुठलाही निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडायची नाही, लग्न मोडायचं नाही, गाव सोडायचं नाही, व्रत टाकायचं नाही. निर्णय उजेडात घेतलेला असतो, अंधारात तो फिरवायचा नाही. प्रार्थना थोडी वाढवा असंही ते सांगतात, पण थोडी म्हणजे थोडीच : पाच मिनिटांची सहा करा. पाचाचा तास केला की तिसऱ्या दिवशी शून्य होतं.

वाक्यंच जमत नसतील तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर’, अर्धं श्वास घेताना, अर्धं सोडताना. पूर्वेकडच्या चर्चची जुनी प्रार्थना, मूळ लूक १८ मध्ये. दम्याचे किंवा ऑक्सिजनवर असलेले असतील त्यांनी ती श्वासाशी जोडू नये, लक्ष श्वासावर गेलं की धाप वाढते. त्यांनी मण्यांवर किंवा बोटांच्या पेरांवर म्हणावी.

घंटा

एक गोष्ट स्पष्ट बोलू या. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगू नये असं वाटतं, तर ते आत्मिक कोरडेपण म्हणून झाकून ठेवू नका. डॉक्टरकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे, फुकट. स्तोत्र आणि गोळी एकाच पाण्याबरोबर घेता येतात.

पंचनामा

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आत्मिक जागृती झाली ती अशीच कोरडेपणातून ना? तशी पुन्हा का होत नाही?

मोहरीचा दाणा

जागृतीचा शेवट सगळे सांगतात, सुरुवात कुणी नाही. तिथल्या कितीतरी मुली दुष्काळातून आणलेल्या होत्या, १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या. म्हणजे ज्यांचं जवळजवळ सगळं गेलं होतं अशा. जून १९०५ च्या आधी कितीतरी महिने रोजच्या प्रार्थनेचे गट चालू होते. जून महिना मागून आणता येत नाही, रोजची बैठक मात्र आपल्या हातात असते.

आणि पंडिता रमाबाईंची पुढची वर्षं बघा. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, जिच्यावर सगळा भार सोपवायचा होता. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या काळात काय केलं? हाती घेतलेलं मराठी बायबलाचं भाषांतर पुरं केलं. त्यात अर्थातच स्तोत्रसंहिताही आली.

भाबडा प्रश्न

शेवटचं विचारते. जुन्या मराठीतलं बायबल आजारी माणसाला जड जातं. आणि कागदावर छापून उशाशी ठेवायचं असेल तर कसं करावं?

सांजवात

माझाही तोच प्रश्न होता.

घंटा

भाषा जड वाटत असेल तर फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा. मात्र ज्याला जुनं पाठ आहे त्याच्यापुढे नवं ठेवू नका. पाठ असलेला शब्द बदलला की तो तिथे अडखळतो आणि सांत्वन बाजूला राहतं.

छापताना अक्षर अठरा-वीस पॉइंटचं, एका पानावर एकच स्तोत्र, कागद जाड आणि पांढराफटक नको, दिव्यात चमकतो. वचनांचे आकडे काढून टाका, ओळींत जागा सोडा. प्लॅस्टिकमध्ये घालू नका, वाचताना बल्ब दिसतो त्यात.

एकच छापायचं असेल तर १३० छापा, आठच वचनं आहेत, पानात बसतं. सहाव्या वचनात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची ओळ दोनदा येते. ती छपाईची चूक नाही, काढू नका.